पानभर शून्यं

अकरा आठवडे मी परभणीतल्या एका दवाखान्यातून दुखणं हद्दपार केलं होतं. पोट चिरून बाळ काढलेल्या बायका माझ्या हाताखालून जायच्या आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर सांगायच्या, काही दुखत नाही. एक नाही, दोन नाही, खाटेमागून खाट. गोदावरीच्या अलीकडे असा चमत्कार पूर्वी कुणी केला नव्हता, निदान मला तरी तसं वाटत होतं, आणि मला जे वाटायचं ते मी पूर्णेच्या पॅसेंजरमध्ये अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. आता साठी केव्हाच मागे पडली आहे, तो डबाही भंगारात गेला असेल. तर हा चमत्कार मोडला कसा ते लिहून ठेवते. माझ्या हातून थोडा मीठमसाला पडेल, त्याला इलाज नाही. मोडला कसा तेवढं मात्र जसंच्या तसं आहे.

मी तेव्हा भूल द्यायचं शिकत होते. डॉक्टरकी झाली होती. आता एका धर्मादाय दवाखान्यात दोन वर्षं शिकाऊ म्हणून काढायची, शेवटी एक प्रबंध लिहायचा, त्यावर सरांची सही झाली की परीक्षेला बसायचं. घर मात्र पूर्णेत, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. अण्णा मालगाडीवर गार्ड. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच यार्ड होतं, म्हणजे मधे एक बाभळ आणि दोन शेळ्या. डबे एकमेकांवर आपटले की मांडणीवरच्या ताटल्या बोटभर पुढे सरकायच्या. आई दर रविवारी त्या पुन्हा मागे ढकलायची. तिनं फोडणी टाकली की नेमकं शंटिंगचं इंजिन शिट्टी मारायचं आणि ती त्याच्यावर खेकसायची, "थांब की मेल्या, मोहरी तडतडू दे." त्या आवाजात राहून राहून आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. आमच्याकडची गुपितंसुद्धा सिग्नलच्या खांबापर्यंत ऐकू जायची. माझ्या लग्नाचा विषय एकदा जेवताना निघाला, तर दुसऱ्या दिवशी रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समननं मला वाटेत थांबवून सांगितलं की मुलगा चांगला नाही, नको म्हण.

सकाळी आई धपाटे थापायची. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, तीळ, लसूण, हिरवी मिरची. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकलं की चर्र आवाज यायचा, आणि तो यायच्या आधीच मी एका पायात चप्पल घालून उभी असायची. मी बसून जेवलेली आईला आठवत नव्हती. उजव्या हातात धपाटं, डाव्या हातात पदर, तोंडात दही आणि शेंगदाण्याची चटणी, अशी मी प्लॅटफॉर्मपर्यंत पळायची. "बस गं दोन मिनिटं," आई म्हणायची. "गाडी काय तुझी सवत हाय का?" मला बसवतच नव्हतं. आमच्या भिंतीमागून हैदराबादची गाडी जायची, मुंबईची जायची, अकोल्याची जायची. सगळं जग जात होतं, आणि मी रोज पूर्णेतून परभणीला जाऊन संध्याकाळी परत यायची, शेळीला खुंट्याला बांधावं तशी. माझ्या पिशवीत मात्र एक पत्र होतं. मुंबईतल्या एका मोठ्या दवाखान्यात दुखण्यावर उपचार करण्याचं खास शिक्षण सुरू होणार होतं आणि एक जागा मला देऊ केली होती. अट एकच, याच खेपेला परीक्षा पास व्हायची. प्रबंध लांबला तर परीक्षा सहा महिने पुढे, आणि जागा दुसऱ्या कुणाला. ते पत्र मी रोज गाडीत काढून वाचायची. घड्या पडून पडून त्याची चार पत्रं झाली होती.

प्रबंधाचा विषय साधा होता. सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई घालून कमरेखालचं बधिर करतात. त्या औषधात दुसऱ्या एका औषधाचा अगदी थेंबभर अंश मिसळला, तर नंतरचं दुखणं कमी होतं का, ते बघायचं. निम्म्या बायकांना तो थेंब, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. कुणाला काय हे बंद लिफाफ्यातली चिठ्ठी ठरवायची. सिस्टर ती उघडून सुई भरायच्या आणि मला कळू द्यायच्या नाहीत. मी फक्त ठरलेल्या वेळी जाऊन विचारायचं: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखणं असूच शकत नाही, तुमचं किती? आकडा चारच्या वर गेला की लगेच दुखण्याचं इंजेक्शन. चार किंवा खाली, तर नाही. बस, इतकंच.

बाळंतिणींचा वॉर्ड म्हणजे वीस खाटा आणि शंभर माणसं. शेगडीला दवाखान्यात बंदी होती, त्यामुळे शेगड्या फक्त सहाच होत्या. शेकाचा ओवा, लसणाची फोडणी, दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी, ओली लंगोटी, असा सगळा वास एकत्र होऊन दारातच अंगावर यायचा. आत शिरायला वेळ कुणाला होता? मी दारातूनच, यार्डातल्या आवाजात विचारायची, "चार नंबर, किती?" चार नंबर म्हणायची, "शून्य." "सात नंबर?" "शून्य." "नऊ?" "शून्य, बाई." मधूनच एखादी पहिलटकरीण कळवळून "दहा" म्हणायची, तिला इंजेक्शन लिहायचं. पण पानंच्या पानं शून्यांची. लिहायलाही सोपं. मी एका मिनिटात अख्खा वॉर्ड आटोपायची आणि संध्याकाळची गाडी गाठायची.

घरी तर माझा दरारा वाढला. अण्णांनी रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, सांगून टाकलं की पोरीनं दुखणंच बंद केलंय. एक ड्रायव्हर कंबर धरून आमच्या दारात आला आणि म्हणाला, तेवढा थेंब मला बी द्या. मी त्याला गंभीरपणे सांगितलं की अजून अभ्यास चालू आहे.

आमचे काझी सर इतकं हळू बोलायचे की पेशंटला भूल औषधानं येते का सरांच्या आवाजानं, यावर सिस्टरांत दोन पक्ष होते. प्रबंध टाइप होत आला, फक्त निकालाची पानं उरली, तेव्हा त्यांनी सिस्टरांकडून त्या लिफाफ्यांतल्या चिठ्ठ्या मागवल्या आणि माझी पानं समोर घेतली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बेटा, ज्यांना औषध दिलं त्यांना शून्य."

"हो सर."

"ज्यांना नुसतं पाणी दिलं त्यांना बी शून्य."

"हो सर."

"मंग औषध मागवायचं कशाला? पाणीच देऊ. नळाला आठ दिवसाला येतं, पण येतं."

मी काय उत्तर दिलं ते लिहायला आजही माझा पेन अडखळतो. मी म्हणाले, "सर, सुई घालायचा हात चांगला असेल तर तसं होत असेल."

सरांनी माझ्या हाताकडे बघितलं. "हात चांगला हाय," ते म्हणाले. "कान कसे हायेत ते बघू. आज दुपारी वॉर्डात जाऊन बस. काही विचारू नको. कागद इथं ठेव."

"किती वेळ, सर?"

"तुझी गाडी जाईपर्यंत."

मला फाशी परवडली असती. साडेतीन पायांच्या एका स्टुलावर मी बसले. पाच मिनिटांत पंख्याची पाती मोजून झाली. तीन होती, दुसऱ्यांदा मोजली तरी तीनच. माझा पाय असा हलत होता की शेजारची खाट हलायला लागली आणि तिच्यावरचं लेकरू त्या झोक्यानं झोपी गेलं. त्याची आई मला म्हणाली, "हलवत ऱ्हावा, बाई." अर्धा तास मी हातात कागद नसलेली, काम नसलेली, नुसती बघत बसलेली बाई होते, आणि तसं बसल्यावर हळूहळू दिसायला लागलं.

समोरच्या खाटेवर पालमकडच्या एका गावची सत्यभामा होती. दुसरं बाळंतपण, ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. सकाळी तिनं शून्य सांगितलं होतं, मीच लिहिलं होतं. डोक्यावर पंखा फिरत होता तरी तिच्या ओठावर घामाचे थेंब. उशीखाली हात घालून तिनं खाटेची लोखंडी दांडी धरली होती, अशी की बोटांची पेरं पांढरी. पायाची बोटं आत वळलेली. ठसका यायला लागला की ती गिळायची, आणि गिळताना डोळे भरून यायचे. तिची सासू मथुराबाई, नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकवाची, शिडशिडीत बाई, वाटीत भाकरी कुस्करत होती. "खा," ती म्हणत होती. "दूध कसं उतरंल? माझ्या येळंला मी तिसऱ्या रोजी रानात व्हते." सत्यभामा एकेक घास घेत होती. मग मथुराबाई वाटी धुवायला गेली. नळ व्हरांड्याच्या टोकाला होता आणि तिथं नेहमी रांग असायची.

"बाई." आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं लेकरू.

"काय हो?"

"लय दुखायलंय."

"अहो, पण सकाळी तर शून्य म्हणालात."

हे मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. तीन खाटा वळून बघायला लागल्या. सत्यभामेनं डोळे मिटले. "हळू बोला ओ. सकाळी आत्याबाई व्हत्या."

"मग काय झालं?"

"काय झालं म्हंजी? त्या म्हणतेत, कळा दिल्या न्हाईत, काई न्हाई, आडवी पडलीस अन् डॉक्टरनं लेकरू काढून हातात दिलं. फुकटात बाळंत झालीस. आता त्यांच्यापुढं दुखतंय म्हणून कोण्या तोंडानं सांगू?"

मी स्टूल जवळ ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजले असेन. "मला सांगा. शून्य ते दहा..."

"नऊ," ती म्हणाली. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. "ठसका आला की दहा. अन् तुमी दारातून वरडून इचारता."

मी उठले, सिस्टरांकडून इंजेक्शन घेऊन आले आणि स्वतः दिलं. मग शेजारी उभी राहून तिच्या पायांकडे बघत राहिले. थोड्या वेळानं एक बोट सुटलं. मग दुसरं. मग सगळं पाऊल सैल झालं आणि तिनं पहिल्यांदा बाळाकडे मान वळवली. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र मनात मागची पानं उलटत होते. चार नंबर, सात नंबर, नऊ नंबर. शून्य म्हणाली म्हणून जिला मी काही दिलं नाही, अशी प्रत्येक बाई, अकरा आठवड्यांची.

माणूस इतक्यावर थांबला असता. माझ्यानं थांबवेना. मथुराबाई परत आली तसं मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहून जाहीर केलं की खाली मोठे डॉक्टर आज सगळ्या सासवांचं आणि आयांचं ब्लड प्रेशर तपासायलेत, आत्ताच्या आत्ता, परत चान्स नाही. वॉर्ड असा रिकामा झाला की वीस बाळंतिणी आणि वीस लेकरं पहिल्यांदाच एकमेकांना दिसली. खाली काझी सरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या खोलीसमोर किती बायका जमल्या यावर मतभेद आहेत. माझ्या आठवणीत दीडशे आहेत, सिस्टर पंधरा म्हणायच्या. सरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकीच्या दंडाला पट्टा बांधला.

वर मी खाटेखाटेपाशी बसत गेले. सकाळची शून्यं सात झाली, आठ झाली, एक सहा झालं. सगळ्या सासरहून आलेल्या, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या. आणि मग मी पहिलटकरणींकडे गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, उशाशी सख्खी आई. सोनपेठची एक पोर सकाळी दहा म्हणून रडली होती, तिला इंजेक्शन मिळालं होतं. सकाळी खरं किती होतं असं विचारलं तर लाजून म्हणाली, "असंल दोन."

"मग दहा का सांगितलंस?"

"दहा म्हणलं की आई ऱ्हाती. कमी म्हणलं की म्हशीची धार काढायला घरी पळती."

म्हणजे जिला दुखत होतं तिला काही नाही, आणि जिला आई हवी होती तिला सुई. माझ्या प्रबंधात औषध कुठंच नव्हतं. उशाशी कोण बसलंय, तेवढंच मी अकरा आठवडे मोजत होते. परभणी स्टेशनातून माझी गाडी सुटल्याची शिट्टी मला तिथं बसून ऐकू आली.

आज मी शिकाऊ डॉक्टरांना शिकवते. त्यांच्या हातात मोबाइल असतो, त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत तोंडांची रांग. पेशंटनं बोट लावायचं. मी मागून बघते. सासू आता खांद्यावरून वाकून बघते आणि बाई हसऱ्या तोंडाला बोट लावते. मी पोरांना म्हणते, आधी सासूबाईंना चहाला पाठवा, मग ते यंत्र काढा. पोरं हसतात. वहीत लिहून मात्र कुणी घेत नाही.

वॉर्डातल्या त्या दुपारनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी टाइप केलेला प्रबंध सरांच्या टेबलावर होता. सोमवारी तो पाठवायची शेवटची तारीख. सरांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"काल खाली इतक्या बायका का आल्या ते मी कुणाला विचारलेलं नाही," ते म्हणाले. "तू सांगितलं तर मला कळंल. नाही सांगितलं तर कागद समोर हाय, सही करतो."

हा प्रसंग मी आजवर निदान दोनशे वेळा सांगितला आहे आणि दर वेळी त्यात मी ती पानं टराटरा फाडून खिडकीबाहेर फेकते. खाली एक शेळी ती खाते, असंही कधी कधी येतं. खरं तसं काही झालं नाही. मी म्हणाले, "सर, चहा पिऊन येते," आणि बाहेर पडले. दवाखान्याला तीन चकरा मारल्या. चौथ्या चकरेला पाय आपोआप स्टेशनाकडे वळले. मुंबईकडे जाणारी गाडी उभी होती. मी पिशवीतलं पत्र काढून त्याचे चार तुकडे प्लॅटफॉर्मच्या बाकावर जुळवून पुन्हा वाचले. कुणाला कळणार होतं? त्या अकरा आठवड्यांतल्या बहुतेक बायका घरी गेल्या होत्या. त्यांचं दुखणं एव्हाना थांबलं होतं. आणि पुढं कुठल्या तरी डॉक्टरानं माझी पानं वाचून ठरवलं असतं की सिझेरियननंतर काही द्यायची फारशी गरज नसते, पाणी पुरतं. गाडी हलली. मी तिच्या शेवटच्या डब्यापर्यंत बघत राहिले, गार्डानं हिरवं निशाण आत घेतलं, आणि मी परत आले.

"सर, यातलं एकही पान खरं नाही," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. माझा स्वतःचा दारातला आवाजही सांगितला.

सरांनी टोपण लावलं. "पहिल्यापासून करावं लागंल. सहा महिने."

"हो सर."

"मुंबईची जागा जाईल."

"हो सर."

"चहा प्यालीस?"

"नाही सर."

"मंग दोन सांग."

घरी मी हे हळू आवाजात सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "काय? मोठ्यानं बोल." मोठ्यानं सांगितलं. मागे डबे आपटत होते. अण्णांनी ते शांत होईपर्यंत वाट पाहिली, जे ते कधीच करत नसत. "म्हंजी गाडी लेट हाय," ते म्हणाले. "रद्द तर न्हाई ना?" मी म्हणाले, नाही. रनिंग रूममध्ये त्यांनी काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही, पण कंबर धरून आलेला तो ड्रायव्हर माझ्याकडे पुढं कित्येक महिने रागानं बघायचा. आईनं ताट वाढलं, पाट मांडला, आणि त्या दिवशी मी बसून जेवले. मुंबईला पत्र मी दुसऱ्या दिवशी टाकलं. त्या जागेवर गेलेला माणूस पुढं फार मोठा झाला, असं ऐकते. टक्कलही पडलंय म्हणे.

पुन्हा अभ्यास सुरू झाला. आता खाटेपाशी बसून, उशाशी कुणी नसताना विचारायचं, तेही हळू. आकडे आले ते चमत्काराचे नव्हते. थेंबभर औषधानं काही जणींचं दुखणं बरंच कमी व्हायचं, काही जणींचं थोडं, आणि एखादीला अंगाला नुसती खाज सुटायची. पण ते सगळं नंतर. त्याच आठवड्याच्या शेवटी सत्यभामेचे टाके निघाले आणि तिला घरी सोडलं. मी व्हरांड्यात होते, नव्या कोऱ्या कागदांवर रेघा आखत. मथुराबाई बाळाला दुपट्यात गुंडाळून पुढं चालली होती, पालमची एसटी गाठायची होती. मागून सत्यभामा, काखेत कपड्यांचं गाठोडं, वर वाटी-तांब्याची पिशवी. माझ्यासमोर आल्यावर ती थांबली. मी काही विचारलं नव्हतं.

"बाई, लिवून घ्या," ती म्हणाली. सासूला ऐकू जाईल इतपत आवाजात. "आज चार."

मथुराबाई वळली. सुनेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता फुकटातलं बाळंतपण निघणार.

"चार म्हंजी?" तिनं मला विचारलं.

"म्हणजे चालता येतं," मी म्हणाले. "पण गाठोडं घेऊन नाही."

तिनं गाठोड्याकडे बघितलं. मग दोन पावलं मागं आली, बाळ सुनेच्या हातात दिलं, तिच्या काखेतलं गाठोडं ओढून आपल्या डोक्यावर घेतलं, पिशवी मनगटात अडकवली आणि म्हणाली, "चल हळूहळू. एक गाडी गेली तर दुसरी येती."